विळा घडवण्यास किती हत्यारे लागत? गडहिंग्लज परिसरातील भाता, ऐरण आणि तोफा

२४ फेब्रुवारी १६७४. नेसरीची खिंड. प्रतापराव गुजर मोजक्या साथीदारांसह बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले, हे महाराष्ट्रातील शाळकरी मुलासही ठाऊक असते. त्या तलवारींविषयी पुष्कळ लिहिले गेले. परंतु नेसरी ज्या गडहिंग्लज तालुक्यात आहे, तेथील विळे, खुरपी, कोयते आणि सुऱ्या कोणी आणि किती भांडवलावर घडवल्या, असे फारसे कोणी विचारीत नाही. हा थ्रेड त्याविषयी. 🧵

सुरी घडवण्याचा छंद लागलेला आजचा तरुण प्रथम किंमती पाहतो. ओतीव ऐरण, गॅसची भट्टी, पट्ट्याचे ग्राइंडर. बेरीज होते आणि छंद तिथेच थांबतो. गावच्या लोहारापुढे हाच प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या होता. त्याचे उत्तर असे: चामड्याचा भाता, ओंडक्यात ठोकलेली ऐरण, एक घण, एक हातोडा आणि सांडशी.

यातही खरे भांडवल दोनच वस्तूंचे. भाता आणि ऐरण मिळाली की उरलेले बरेचसे त्यांच्याच आधारे घडते. सांडशी लोहार स्वतः करी, छिन्नीही करी. आपली हत्यारे आपणच निर्माण करणारा असा दुसरा धंदा गावात शोधावाच लागेल. सुताराचा वाकससुद्धा लोहाराकडूनच येई.

हे इतक्या थोडक्यात कसे भागे? कारण भांडवलाचा मोठा वाटा लोहाराचा नसेच. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथातील बलुतेदारीचे वर्णन वाचले म्हणजे हे उलगडते. बलुत्याच्या कामास लोखंड आणि कोळसा कुणबी आणी. पुष्कळदा भाताही तोच ओढी. दांडा सुताराकडून मिळे. मोबदला सुगीला धान्यात. लोहाराला कच्चा माल विकत घेऊन ठेवावा लागत नसे, म्हणून धंदा अल्प खर्चात उभा राही. मात्र या स्वस्ताईची किंमत होती. जो माल स्वतःचा नाही, त्याचा भाव कारागीर ठरवू शकत नाही. आणि सुगी बुडाली की बलुतेही बुडे.

या चौकटीबाहेर घिसाडी होते. भटके लोहार. त्यांचा संपूर्ण कारखाना जनावराच्या पाठीवर किंवा गाडीत मावे. गावाबाहेर पाल पडे, जमिनीत ऐरण रोवली जाई, खड्ड्यात कोळसा पेटे. पुरुष सांडशीत तापलेले लोखंड धरी आणि स्त्री घण मारी. लोहारकामाच्या इतिहासात स्त्रियांच्या या घणाला फार थोडी जागा मिळाली आहे, हे नमूद केले पाहिजे.

लोखंड कुठून येई? कोल्हापूर संस्थानाच्या सह्याद्रीलगतच्या पट्ट्यात धावड लोक खनिज वितळवून लोखंड काढीत. कोळसा अतोनात लागे. एकोणिसाव्या शतकात स्वस्त विलायती लोखंड आले आणि या भट्ट्या विझल्या. त्याच शतकात, १८४४ मध्ये, गडहिंग्लजजवळच्या सामानगडावर गडकऱ्यांनी बंड केले. इंग्रजांनी ऑक्टोबरमध्ये गड घेतला. गडाची शिबंदी संपली म्हणजे तलवार-भाल्यांची दुरुस्तीही संपली, हे अनुमान धाडसाचे ठरू नये. ऐरणीवर उरली ती शेतीची अवजारे.

त्यांवरही पुढे घाला आला. १९०३ मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन विषारी होईल, अशी भीती शेतकऱ्यांना वाटे, त्यामुळे आरंभी नांगर खपेनात. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. पहिल्या महायुद्धात लोखंडाची टंचाई झाली, तेव्हा छत्रपती शाहू महाराजांनी संस्थानातील जुन्या तोफा नांगरांसाठी दिल्या. तोफेचा नांगर झाला, हे ऐकण्यास सुंदर आहे. गावच्या लोहाराच्या दृष्टीने मात्र फाळाचे काम हळूहळू कारखान्याकडे निघाले होते.

धारेचे काम त्याच्याकडे राहिले, आणि त्याचे कारण हत्यारांत नाही, डोळ्यांत आहे. पाते तापवून पाण्यात बुडवले की धार कठीण होते, पण काचेसारखी ठिसूळही होते. म्हणून ते घासून उजळ करतात व पुन्हा मंद तापवतात. पृष्ठभागावर प्रथम फिकट पिवळा, मग तांबूस, मग निळा रंग चढतो. सुरीला पिवळ्यावर थांबायचे. घाव सोसणाऱ्या अवजाराला थोडे पुढे जाऊ द्यायचे. क्षणभर उशीर झाला की धार मऊ. या विद्येला ‘पाणी देणे’ म्हणतात.

आज उसाच्या या पट्ट्यात कोयत्याला मागणी आहे, आणि पोलाद भंगारात मिळते: ट्रकच्या कमानीचे जुने पाटे. कोल्हापुरात १८९१ मध्ये रेल्वे आली, तशी रुळाच्या तुकड्याची ऐरणही लोहारांच्या परिचयाची झाली. भात्याच्या जागी हाताने फिरवायचा पंखा. गडहिंग्लजमध्ये कोणास आज आरंभ करायचा असेल, तर रुळाचा तुकडा, पंखा, दोन हातोडे, एक सांडशी आणि एक चांगली कानस पुरेशी आहे. ग्राइंडर नंतर घेता येतो. कानशीने वेळ लागतो, इतकेच.