स्टिअरिंगमधील फेरबदल (ऑफ-रोड वाहनांतील)

खडकाळ वाटांसाठी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीची उंची वाढवली, की स्टिअरिंगच्या दांड्यांचे कोन बदलतात. त्यामुळे हे फेरबदल करताना सुट्या भागाच्या जाडीपेक्षा भागांची परस्पर भूमिती अधिक निर्णायक ठरते. जीप रँग्लर जेकेत हे स्पष्ट दिसते. तिच्या पुढच्या अखंड अ‍ॅक्सलवर कॉइल स्प्रिंग आहेत. आडवा ट्रॅक बार अ‍ॅक्सलला बाजूला सरकू देत नाही आणि ड्रॅग लिंक स्टिअरिंग गिअरबॉक्सची हालचाल चाकांकडे नेते. हे दोन दांडे समांतर व साधारण सारख्या लांबीचे असतील, तर अ‍ॅक्सल वरखाली होताना दोन्हींची टोके सारख्याच वर्तुळकंसात फिरतात. तसे नसल्यास खड्डा येताच चाके आपोआप वळतात. याला बंप स्टिअर म्हणतात. म्हणूनच नुसता खाली झुकलेला पिटमन आर्म (स्टिअरिंग गिअरबॉक्सला ड्रॅग लिंक जोडणारा हात) बसवणे अपुरे आहे: ड्रॅग लिंक आडवी होते, ट्रॅक बार मात्र तिरकाच राहतो. दोन्हींचे अ‍ॅक्सलकडील सांधे एकत्र उचलणे हा खरा उपाय होय.

खडकावर दांडा वाकतो, तेव्हा आधी जाड दांडाच हवा, असा आक्षेप घेतला जातो. तो निराधार नाही. पण जाड दांड्याने भूमितीचा दोष जात नाही, उलट धक्का पुढच्या कमकुवत सांध्यावर पडू शकतो. लीफ स्प्रिंगच्या मारुती जिप्सीत ट्रॅक बार नसल्याने समांतरतेचा नियम तसाच लागू होत नाही; तरीही ड्रॅग लिंक शक्य तितकी आडवी असावी, हे तत्त्व तेथेही टिकते. भारतात असे बदल करण्यापूर्वी मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ चे बंधन पाहणे आवश्यक आहे.