जात्यावरची वारी

पूर्वी गावात पहाटे पहिला आवाज कुणाचा असायचा? तुम्ही म्हणाल, कोंबड्याचा. नाही हो! कोंबडा आरवायच्या आधी जातं घरघरायचं. अंधारातच माउली उठायची, वैरणीची मूठ जात्याच्या तोंडात टाकायची, खुंट्याला हात घालायची आणि गळ्यातून ओवी निघायची. पहिली ओवी देवाला, मग आईबापांना, भावाला, लेकराला. पायलीभर दळण संपेपर्यंत सगळं गणगोत तिथं येऊन जायचं.

आता कुणी म्हणेल, महाराज, बायकांची गाणी ती, त्यांना इतिहासात काय स्थान? तर ऐका. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ आहे, साधारण इ. स. 1129 चा. महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद त्या राजानं करून ठेवली आहे. आणि ज्ञानोबारायांनी नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली ती शके 1212 ला, म्हणजे 1290 मध्ये. हिशेब करा. माउलींच्या आधी दीडशेहून जास्त वर्षं ओवी आमच्या मायबहिणींच्या तोंडी होती! ग्रंथातल्या ओवीचं मूळ या लोकओवीत आहे, असं अभ्यासकही मानतात. गीतेचा अर्थ घरोघर पोचवायचा तर छंद कोणता घ्यावा? घरात आधीच घुमत असलेला. माउलींनी तोच घेतला.

बरं, जातं एकटीनं ओढणं जड. समोर जोडीदारीण बसली की हलकं होतं. आता गंगाखेडची जनाबाई बघा. नामदेवरायांच्या घरी दळण-कांडण, झाडलोट, पाणी भरणं हे तिचं आयुष्य. तिला जोडीदारीण कुठली? म्हणून विठ्ठलच समोर येऊन बसला, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. गोपाळपुरात तिचं जातं म्हणून आजही दाखवतात, तुम्ही हात लावून आला असाल. या कथेचं मर्म काय? देवानं जनीला दळण सोडून देवळात ये म्हटलं नाही. ती होती तिथं तो आला.

आणि हेच हजारो बायांनी धरून ठेवलं. घरात दूधपितं पोर, गोठ्यात गाय, सासरी विचारायची सोय नाही. कितीजणींना वारी घडायची? त्या जात्यापाशी बसून पंढरीला जायच्या. पंढरपूर त्यांचं माहेर, विठ्ठल त्यांचा बाप. त्यांच्या ओव्यांत रुक्मिणी रुसते, जनीवरून देवाला बोल लावते, आणि देव बिचारा समजूत काढत बसतो. एवढं हक्कानं देवाशी कोण बोलेल? ज्याला तो घरचा वाटतो तोच.

साने गुरुजींनी या ओव्या जमवून ‘स्त्री जीवन’ हा संग्रह केला. त्याच गुरुजींनी मे 1947 मध्ये पंढरपूरला उपोषण केलं, हरिजनांना विठ्ठलाचं मंदिर उघडावं म्हणून. मला ही दोन कामं वेगळी वाटत नाहीत. ज्यानं घरातल्या मुक्या माणसाचा आवाज ऐकला, त्याला देवळाबाहेर ताटकळलेल्या माणसाचा आवाज ऐकू येतोच. पुढं पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यात विठ्ठल आहे, सीतामाई आहे, बाबासाहेबही आहेत.

मग गिरणी आली. आली ते बरंच झालं, मंडळी! बायांच्या खांद्यांचं, हातांचं हाल थांबलं. माझी आजी म्हणायची, गिरणीवाल्याचं कल्याण होवो. पण एकदा मी तिला म्हटलं, आजी, ओवी म्हण. तिला आठवेना. दोन शब्द यायचे, अडायचे. शेवटी अडगळीतलं जातं काढलं, खुंटा बसवला, मूठभर ज्वारी घातली. दोन फेरे झाले आणि आजी जी गायला लागली, दळण संपलं तरी थांबेना. ओवी तिच्या डोक्यात नव्हती हो, हातात होती. त्या दिवशी मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो नाही. पुढच्या आषाढीला आजी नव्हती.

म्हणून एक मागणं मागतो. जातं पुन्हा ओढा असं मी म्हणणार नाही. आज मुक्कामाला तुमच्या दिंडीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईजवळ बसा. तिचे पाय चेपा. ओवी विचारा. आठवेना तर तिच्या हाताला काही काम द्या, तांदूळ निवडायला द्या, आणि थांबा. येईल ती लिहून घ्या आणि खाली तिचं नाव लिहा. नाव विसरू नका; आजवर लाखो ओव्या बिननावाच्या गेल्या.

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!