मक्याच्या सोलपटातला नाताळ

ॲरिझोनाच्या वाळवंटी मुलखातील चँडलर या नगरीत, नाताळाच्या आदल्या रविवारी माझ्या मुलीच्या शेजारघरी जो गृहसोहळा मी पाहिला, त्याला तेथील मेक्सिकन मंडळी ‘तमालादा’ म्हणतात. लांबलचक मेजाभोवती तीन पिढ्या बसल्या होत्या. कोणी कोमट पाण्यात भिजवलेली मक्याच्या कणसांची सोलपटे निथळत होती, कोणी त्यांच्या गुळगुळीत अंगावर मक्याचे मळलेले पीठ थापत होती, कोणी त्यावर लाल मिरचीत शिजवलेले मांस घालून घडी मिटत होती, आणि मिटलेल्या पुड्या उंच भांड्यात उभ्या रचण्याचा अधिकार तेवढा घरातल्या आजीबाईंनी आपल्याकडे ठेवला होता. नागपंचमीला हळदीच्या पानांवर पातोळ्या थापणारी माझी आई मला त्या मेजाशी बसलेली दिसली, आणि या पदार्थाची कुळकथा शोधण्याची ओढ तिथेच लागली.

प्रथम नावाचा उलगडा केला पाहिजे, कारण मराठी कानाला ते फसवते. एका पुडीला स्पॅनिश भाषेत ‘तमाल’ म्हणतात, अनेकांना ‘तमालेस’, आणि या अनेकवचनावरून इंग्रजीने ‘तमाले’ असे नवे एकवचन पाडले. आपला तमालवृक्ष किंवा मसाल्यातले तमालपत्र यांच्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही. मूळ शब्द ‘तमाल्ली’ हा नाहुआत्ल भाषेचा, म्हणजे आस्तेकांच्या राज्यातील लोकभाषेचा. पदार्थ मात्र आस्तेकांहूनही फार जुना आहे: ग्वातेमालातील सान बार्तोलो येथे इसवी सनापूर्वी सुमारे १०० या काळातील जी माया भित्तिचित्रे सापडली, त्यांत तमालांनी भरलेली टोपली अर्पण करणारी स्त्री आहे.

या पदार्थाचा प्राण त्याच्या पिठात आहे, आणि पिठाचा प्राण चुन्यात. वाळलेले मक्याचे दाणे नुसते दळले तर त्यांचे पीठ एकजीव मळले जात नाही. म्हणून त्या देशीच्या स्त्रियांनी सहस्रावधी वर्षांपूर्वी दाणे चुन्याच्या किंवा राखेच्या पाण्यात शिजवून, रात्रभर मुरवून, सालपटे चोळून धुऊन, मग आपल्या पाट्यासारख्याच दगडी ‘मेताते’वर वाटण्याची रीत बसवली. या रीतीत दाण्यातले नियासिन हे जीवनसत्त्व मोकळे होऊन अंगी लागते. स्पॅनिश लोकांनी मका युरोपात नेला, पण त्यामागची ही स्वयंपाकघरातली विद्या नेली नाही. परिणामी मक्यावरच गुजराण करणाऱ्या गोरगरिबांना पेलाग्रा नावाच्या व्याधीने ग्रासले, जिचे वर्णन स्पेनमधील गास्पार कासाल या वैद्याने १७३५ साली केले आणि जिच्यावरील नियासिनचा उतारा १९३७ मध्ये हाती आला. चुन्याची निवळी ठाऊक असलेल्या अनाम आज्यांचे ज्ञान विद्वानांच्या दप्तरात दाखल व्हायला इतका काळ लागावा, याची मला खंत वाटते.

बेर्नार्दिनो दे साहागुन हा फ्रान्सिस्कन धर्मोपदेशक १५२९ साली मेक्सिकोत उतरला आणि तेथील वृद्धांना विचारून विचारून त्याने त्या संस्कृतीचा जो बारीक तपशील नोंदवला, त्यात तमालांचे अनेक प्रकार आहेत. त्यातली एक नोंद वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. दर आठ वर्षांनी ‘अतमालक्वालिस्त्ली’ नावाचा उत्सव येई. त्या दिवसांत मीठ, मिरची आणि चुना वर्ज्य करून केवळ पाण्यात भिजवलेले अळणी तमाल खात, कारण या तीन जिनसांनी आपण मक्याला वर्षानुवर्षे छळतो, म्हणून त्याला विसावा द्यावा, अशी त्यांची धारणा होती. बैलाला पोळ्याच्या दिवशी जू न लावणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला ही भावना समजावून सांगावी लागणार नाही. दुसरी नोंद ‘इस्काल्ली’ या महिन्याची: त्यात अग्निदेवतेच्या पूजेनिमित्त राजगिऱ्याच्या पाल्याचे तमाल घरोघर होत, ते कढतच खात आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटत.

म्हणजे सण आधी आणि पदार्थ मागाहून, असा आपला जो समज असतो, तो येथे उलटा ठरतो. तमाल देवाच्या नैवेद्याला आधीपासूनच होता. ख्रिस्तजन्माचा उत्सव समुद्रापलीकडून आला आणि त्याच्या पंगतीला बसला. आपला ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीजांच्या ‘नाताल’चा, स्पॅनिश लोक त्याला ‘नाविदाद’ म्हणतात, आणि दोघांचे मूळ जन्मवाचक लॅटिन शब्दातच आहे. गोव्या-वसईकडे पोर्तुगीज अमलाबरोबर जो सण आला, त्याचीच ही पश्चिमेकडे गेलेली पाती. कोलंबसाच्या १४९३ सालच्या दुसऱ्या सफरीत डुकरे अमेरिकेत आली, त्यांची चरबी पिठात फेटली जाऊ लागली, आणि पूर्वीचा घट्ट तमाल हलका झाला. आजही पिठाचा छोटा गोळा पेलाभर थंड पाण्यात टाकतात. तो तरंगला तर फेटणे पुरे. पुढे १६ ते २४ डिसेंबर अशा नऊ रात्रींच्या ‘पोसादा’ यात्रा, ६ जानेवारीच्या गोड पावात दडवलेली बालयेशूची बाहुली, आणि ती ज्याच्या वाट्याला येईल त्याने २ फेब्रुवारीला सर्वांना तमाल घालण्याची वहिवाट, असा सणांचा पट विणला गेला.

योगायोग असा की, ज्या तहनाम्याने हा मुलूख मेक्सिकोकडून अमेरिकेकडे गेला, त्यावर सह्या झाल्या त्याही १८४८ च्या २ फेब्रुवारीलाच. अंमल बदलला, चुली बदलल्या नाहीत. चँडलर त्या मानाने पोरसवदा गाव: ॲरिझोनाचे पहिले सरकारी पशुवैद्य ए. जे. चँडलर यांनी १७ मे १९१२ रोजी त्याची जमीन विक्रीस काढली. पण त्याच्या आसमंतात होहोकाम लोक शेकडो वर्षांपूर्वी कालवे खणून मका पिकवीत. कापसाच्या शेतांवर मेक्सिकन मजूर आले, आणि १९८० पासून संगणकाच्या चिपांचे कारखाने उभे राहिले तेव्हा आमच्यासारख्यांची मुले आली. गावच्या चौकात १९५७ पासून नाताळाचे झाड उभारतात, तेही वाळवंटात वाऱ्याबरोबर गडगडत फिरणाऱ्या काटेरी झुडपांचे. आणि ती झुडपे एकोणिसाव्या शतकात रशियाकडून आलेल्या जवसाच्या बियांतून या देशात शिरलेली. पांढऱ्या रंगाने माखलेले, दिव्यांनी उजळलेले ते झाड मला पाइनच्या कोणत्याही झाडापेक्षा सुंदर वाटले.

आजीबाईंनी भांड्याच्या तळाशी एक नाणे टाकले होते. पाणी उकळते तोवर ते खुळखुळते. खुळखुळ थांबली की पाणी आटले असे समजावे आणि आणखी पाणी कडेने ओतावे. आमच्यासाठी त्यांनी वनस्पतितेलात फेटलेल्या पिठाचे, हिरवी मिरची आणि चीज भरलेले तमाल निराळ्या पातेल्यात रचले होते. दीड तासाने झाकण निघाले. सोलपट पिठापासून सहज सुटू लागले, म्हणजे झाले. पहिल्या घासाला ओल्या मक्याची गोडी आणि मागून चुन्याचा मंद मातकट वास.

एक डझन तमाल त्यांनी कापडात गुंडाळून, डब्यात भरून आमच्यासोबत धाडले. शेजारणीचे भांडे रिकामे परत करू नये, हे मुलीला कोणी शिकवावे लागले नाही. दुसऱ्या दिवशी तो डबा ओल्या नारळाच्या करंज्यांनी भरून परत गेला, आणि दार उघडल्यावर आजीबाईंनी एक करंजी तिथेच उचलून, कड मोडून, आतले सारण बोटाने चाखून पाहिले.