स्वहस्ते विमान घडविणाऱ्यांचा मेळा

क्षेत्र नावारूपास आले की त्याच्याभोवती पेठ वसते, आणि पेठ भरभराटीस आली की क्षेत्राचा कारभार कोणाच्या तंत्राने चालावा, हा प्रश्न उभा राहतो. आपल्या देवस्थानांचा हा जुना अनुभव अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील ऑशकॉश या गावी, एका सर्वस्वी लौकिक छंदाच्या इतिहासातही प्रत्ययास येतो.

हौशी मनुष्याने केवळ स्वतःच्या शिक्षणासाठी वा मनोरंजनासाठी बांधलेल्या विमानाला अमेरिकन सरकारने आपल्या नियमावलीत रीतसर स्थान दिल्यानंतर, जानेवारी १९५३ मध्ये, मिलवॉकीच्या परिसरात पॉल पोबेरेझ्नी या लष्करी वैमानिकाने अशा कारागिरांची ‘एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ ही संस्था स्थापिली. तिचे दप्तर त्यांच्या घराच्या तळघरात होते आणि पत्नी ऑड्री त्या कामात बरोबरीच्या भागीदार होत्या. त्याच वर्षी सप्टेंबरात भरलेल्या पहिल्या मेळ्यास मोजकीच विमाने आली. पुढे १९५५ साली ‘मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड’ मासिकातून पोबेरेझ्नींनी आठशे डॉलरांहून कमी खर्चात ‘बेबी एस’ हे विमान कसे बांधावे याची लेखमाला लिहिली, तेव्हा हा छंद श्रीमंतांची मिरास नव्हे अशी सामान्य माणसाची खात्री पटली. मेळा १९५९ मध्ये रॉकफर्डला आणि १९७० मध्ये ऑशकॉशला गेला. ज्या विमानतळावर तो स्थिरावला, त्याला ‘टेलविंड’ विमानाचे रचनाकार आणि त्या विमानतळाचे दीर्घकाळचे व्यवस्थापक स्टीव्ह विटमन यांचे नाव आहे. पोलादी नळ्यांचे सांधे कसे जुळवावेत, लाकडी फासळ्यांवर कापड ताणून लेप कसा द्यावा, हे ज्याला येत असे त्याने न येणाऱ्यास विनामोबदला दाखवावे, ही या मेळ्याची मूळ वहिवाट होती.

व्यापाराचा प्रवेश या वहिवाटीतूनच, आणि प्रथम उपकारकर्त्याच्या रूपाने झाला. १९७५ मध्ये बर्ट रुटान यांनी फोम आणि काचतंतूंचे ‘व्हेरीईझ’ येथे आणले व त्याचे आराखडे विकले. रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांच्या ‘आरव्ही’ मालिकेच्या सुट्या भागांच्या संचांतून आजवर दहा हजारांहून अधिक विमाने आकाशात गेली. अर्धवट सांगाडे ज्यांच्या गॅरेजमध्ये धूळ खात पडले असते, अशा किती तरी जणांचे मनोरथ या संचांनी पूर्ण केले. उलट जिम बीड यांच्या ‘बीडी-५’साठी कित्येकांनी आगाऊ रकमा भरल्या, आणि १९७९ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले तेव्हा इंजिनाविना संच व विमानाविना पावत्या त्यांच्या हाती उरल्या. विमानाच्या घडणीचा अर्ध्याहून अधिक भाग हौशी हातांचा असलाच पाहिजे, ही कायद्याची अट मात्र आजही कायम आहे. किंबहुना छंद आणि कारखाना यांमधील शेवटची सरहद्द तीच होय.

मेळ्याला अशी सरहद्द कोणी आखून दिली नव्हती. १९९८ मध्ये त्याचे ‘एअरव्हेंचर’ असे नामांतर झाले. त्याचा मध्यवर्ती चौक आश्रयदात्यांबरोबर नावे बदलत एअरोशेल, कोनोकोफिलिप्स आणि बोईंग या कंपन्यांच्या नावांनी ओळखला गेला. आणि २०१२ च्या सुमारास धावपट्टीलगतच्या जागी कंपन्यांच्या पाहुण्यांसाठी खास दालने उभी राहिली, तेव्हा वर्षानुवर्षे तेथे गवतावर बसून विमाने पाहणाऱ्या सभासदांचा असंतोष उघड झाला आणि ती व्यवस्था मागे घ्यावी लागली. आज तेथे सहा लाखांहून अधिक माणसे आणि सुमारे दहा हजार विमाने येतात. परंतु त्यांत स्वहस्ते घडविलेली विमाने अल्पसंख्य असतात.

एवढ्या समुदायाचा बंदोबस्त, पाणी, स्वच्छता आणि उड्डाणांची सुरक्षितता यांचा खर्च वर्गणीतून निभावणारा नाही, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि मेळ्याचा प्राण जाहिरातींच्या कमानींत नसून, अनोळखी नवख्याच्या हाती रिव्हेट देऊन पत्रा जोडायला शिकविणाऱ्या तंबूंत आणि वेतनाविना राबणाऱ्या हजारो स्वयंसेवकांत आहे. अशा संघटित बिरादरीचे मोल आपल्याला विशेष जाणवावे. कारण मुंबईत कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या अमोल यादव यांना त्याच्या नोंदणीसाठी २०१७ पर्यंत सरकारदरबारी वर्षानुवर्षे झगडावे लागले. व्यापाराला मेळ्यात गाळा अवश्य द्यावा, त्याचे भाडेही चोख घ्यावे. मेळ्याची सनद मात्र ज्यांच्या हातांनी विमान घडते, त्यांच्याच नावे राहिली पाहिजे.