घ्या, घेतलं, घेतलं गेलं

१३९१च्या सुमारास इंग्रज कवी जेफ्री चॉसरने ल्यूइस या आपल्या दहा वर्षांच्या मुलासाठी एक पुस्तिका लिहिली. विषय होता ॲस्ट्रोलेब, म्हणजे सूर्य-ताऱ्यांची उंची मोजण्याचं हातात मावणारं यंत्र. पोराला लॅटिन फारसं येत नव्हतं, म्हणून बापाने इंग्रजीत लिहिलं. कृती सांगायची तिथे भाषा समोरासमोरची: हे घे, असं धर, तिकडे फिरव. इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड याच्या मुदपाकखान्यातला 'द फॉर्म ऑफ क्युरी' हा पाककृतींचा संग्रह साधारण त्याच काळातला, आणि त्याचीही तीच तऱ्हा. घ्या, चिरा, शिजवा. शिकवणारा आणि शिकणारा एकमेकांना दिसत असतील, तर कृती सांगायला आज्ञार्थ पुरतो.

मग आज केमिस्ट्रीच्या जर्नलमध्ये 'वॉज टेकन', 'वॉज हीटेड', 'वॉज फिल्टर्ड' अशी रांग कुठून लागली? माणसाला वाक्यातून हाकलून प्रक्रिया तेवढी ठेवायची ही रीत विज्ञानाने पहिल्या दिवसापासून पाळली, असा एक सार्वत्रिक समज आहे. तो खोटा आहे.

रॉबर्ट बॉयलचं हवेच्या दाबावरचं पुस्तक १६६०चं. रॉबर्ट हूकच्या मदतीने बनवलेल्या वायुपंपातून त्याने हवा काढून घेतली, आणि काय काय घडलं ते पुतण्याला लिहिलेल्या पत्राच्या रूपात सांगितलं. त्यात 'मी' आणि 'आम्ही' जागोजाग आहेत. सतराव्या प्रयोगाच्या वेळी वॉलिस, वॉर्ड आणि रेन हे विद्वान हजर होते, हेही तो नावानिशी नोंदवतो. कारण त्या काळी प्रयोग खरा ठरायचा तो साक्षीने. कोर्टात साक्षीदाराने 'पाहिलं गेलं' असं म्हणून कसं चालेल? न्यूटनने १६७२ साली रॉयल सोसायटीच्या 'फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स'मध्ये प्रकाश आणि रंगांविषयीचा आपला पहिला लेख छापला, तोही पत्रच. लोलक मी आणला, खोली मी अंधारी केली, असा सगळा मामला.

पण या 'मी'वरही फार भाळू नये. बॉयलच्या प्रयोगशाळेत पंप चालवणारे हात बहुतेक वेळा पगारी मदतनिसांचे असत. प्रेशर कुकरचा पूर्वज बनवणारा देनी पापँ त्याच्याकडे कामाला होता, आणि १६८०च्या पुस्तकातले प्रयोग व लेखन बरंचसं पापँचं असल्याचं खुद्द बॉयलने प्रस्तावनेत कबूल केलं. इतरांच्या वाट्याला तेवढंही आलं नाही. इतिहासकार स्टीव्हन शेपिन यांनी या अदृश्य तंत्रज्ञांवर १९८९ साली लिहिलं आहे. म्हणजे कर्ता लपवायला कर्मणी प्रयोगच लागतो असं नाही. 'मी'च्या मागेही दहा माणसं लपतात.

दरम्यान खुद्द इंग्रजीच प्रक्रियेपाशी अडत होती. घराचं बांधकाम चालू आहे, हे अठराव्या शतकात कसं म्हणत? 'द हाउस इज बिल्डिंग'. घर बांधतंय! आजचं 'इज बीइंग बिल्ट' हे रूप त्या शतकाच्या शेवटच्या दशकांत डोकं वर काढतं. रॉबर्ट साउदीच्या १७९५च्या पत्रातलं त्याचं उदाहरण व्याकरणकारांच्या फार आवडीचं: एका बिचाऱ्याची दाढ रांगड्या हाताच्या न्हाव्याकडून मुळासकट उपटली जात आहे. चालू क्रिया सांगायला इतकं सोयीचं रूप, पण पंडितांना ते सोसवेना. अमेरिकेत रिचर्ड ग्रँट व्हाइटने १८७०च्या पुस्तकात त्याच्या निषेधाला अख्खं प्रकरण दिलं. लोक ते वाचून पुन्हा 'इज बीइंग बिल्ट'च म्हणत राहिले.

विज्ञानलेखनातला पालट सावकाश झाला. ड्वाइट ॲटकिन्सन यांनी 'ट्रॅन्झॅक्शन्स'चे १६७५ ते १९७५ असे ३०० वर्षांचे अंक तपासले, तेव्हा त्यांना लेखनाचा केंद्रबिंदू लेखकाकडून वस्तूकडे सरकत गेलेला दिसला. एकोणिसाव्या शतकात फॅरेडे अजून 'मी' लिहीत होता. पण प्रयोगशाळा वाढल्या, उपकरणं प्रमाणित झाली, आणि वाचक ओळखीचा राहिला नाही. दूरच्या शहरातल्या अनोळखी माणसाला तोच प्रयोग करून पाहायचा असेल, तर चंचुपात्र कोणी उचललं याच्याशी त्याला काय कर्तव्य? त्याला तापमान हवं, वेळ हवी, क्रम हवा. साक्षीची जागा पुनरावृत्तीने घेतली, आणि तिच्यासोबत 'वॉज टेकन' आलं. विसाव्या शतकात शोधनिबंधाचे प्रस्तावना, पद्धत, परिणाम, चर्चा असे ठरावीक कप्पे पडले, तेव्हा पद्धतीचा कप्पा हे त्याचं हक्काचं घर झालं. बाकी कप्प्यांत 'आम्ही' जिवंत होताच. वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएवरचा १९५३चा निबंध 'आम्ही'नेच सुरू होतो.

जॉर्ज ऑर्वेलने १९४६ साली एका निबंधात फर्मान काढलं की कर्तरी जमत असेल तिथे कर्मणी वापरू नका. त्या निबंधाच्या पहिल्याच वाक्यात कर्मणी आहे. त्याचा राग होता तो जबाबदारी झटकणाऱ्या राजकीय भाषेवर, आणि तो रास्तच होता. पण फर्मान सरसकट निघालं, आणि चहाची पानं कशी वाळवली जातात हे सांगणाराही त्याच दंडाला पात्र ठरला.

आपल्याकडे इंग्रजीचा हा कर्मणी प्रयोग पोचला तो 'चेंज द व्हॉइस'च्या प्रश्नातून. रेन आणि मार्टिनचं व्याकरण ज्यांनी घोकलं त्यांना सांगायला हवं, की त्यातले रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरी केलेले, आणि 'बो जेस्ट' ही साहसकादंबरी लिहिणारेही तेच. कर्ता अज्ञात किंवा बिनमहत्त्वाचा असेल तिथे कर्मणी बरा, हे त्या पुस्तकात आहे. परीक्षेत मात्र उरलं ते वाक्य उलटंपालटं करणं. आज आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या पहिल्या लेखनप्रश्नात कधी कधी प्रक्रियेची आकृती येते, २० मिनिटांत किमान १५० शब्द लिहायचे असतात, आणि तिथे पॅसिव्ह लागतोच. सिमेंट कसं बनतं हे सांगताना 'मजूर चुनखडी दळतात' असं लिहिणारा मुद्दा सोडून मजुराकडे बोट दाखवतो.

मराठीत तर एवढी कसरतही लागत नाही. 'परीक्षानळीत पाणी घेतलं' म्हटलं की कर्ता आपोआप बाजूला होतो. तरी आपली प्रयोगवही 'घेण्यात आले' लिहिते, ते सरकारी परिपत्रकाच्या वळणाने.

विज्ञानाच्या शिक्षकांना एवढीच विनंती: इंग्रजी जर्नलमधल्या 'प्रोसीजर'ला पॅसिव्ह खुशाल राहू द्या. पण निरीक्षणाच्या पानावर एखादी मुलगी 'आय सॉ' लिहील, तर त्यावर लाल रेघ मारू नका. तिथे कोणी पाहिलं हे कळणं आवश्यक आहे.