भ्रूणरोपणातील अपयश आणि गोठवलेल्या भ्रूणाचा इतिहास : कोलकाता ते मुंबई

प्रस्तावना :
आयव्हीएफ उपचारात स्त्रीबीजाचे फलन शरीराबाहेर घडवून तयार झालेला भ्रूण गर्भाशयात सोडला जातो. फलन होऊनही भ्रूण वारंवार न रुजणे ही या उपचारातील एक कठीण समस्या होय. भ्रूण गोठवून पुढील ऋतुचक्रात सोडणे हा त्यावर आज विचारात घेतला जाणारा एक पर्याय आहे. या पर्यायाचा भारतातील उगम आणि त्यास मिळालेली उशिराची मान्यता यांचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

विषय विवेचन :
इंग्लंडमधील रॉबर्ट एडवर्ड्स व पॅट्रिक स्टेप्टो यांनाही प्रारंभी सातत्याने अपयश आले. अधिक स्त्रीबीजांसाठी दिलेल्या संप्रेरकांमुळे भ्रूण रुजण्यास बाधा येते, असे मानून त्यांनी नैसर्गिक ऋतुचक्रातील एकच स्त्रीबीज घेतले. २५ जुलै १९७८ रोजी जगातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्मास आली.

कोलकात्याचे डॉ. सुभाष मुखर्जी यांनी याच अडचणीवर वेगळा मार्ग शोधला. त्यांनी संप्रेरके देऊन अनेक स्त्रीबीजे मिळविली. मात्र भ्रूण लगेच न सोडता गोठविले आणि संप्रेरकांचा प्रभाव ओसरल्यानंतरच्या ऋतुचक्रात त्यांचे रोपण केले. ३ ऑक्टोबर १९७८ रोजी मुलगी जन्मली. तथापि, पश्चिम बंगाल शासनाच्या समितीने हा दावा अमान्य केला. जपानला जाऊन आपले कार्य मांडण्याची परवानगीही त्यांना नाकारण्यात आली. १९ जून १९८१ रोजी त्यांनी आत्महत्या केली. पुढे १९८३ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी गोठवलेल्या भ्रूणापासून झालेल्या गर्भधारणेची नोंद प्रसिद्ध केली व ही पद्धत जगन्मान्य झाली.

मुंबईत ६ ऑगस्ट १९८६ रोजी महानगरपालिकेच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. परळच्या प्रजनन संशोधन संस्थेचे संचालक डॉ. टी. सी. आनंदकुमार या प्रकल्पाचे वैज्ञानिक सहकारी होते. शास्त्रीय नोंदी उपलब्ध असल्याने हा जन्म देशातील पहिला मानला गेला. पुढे मुखर्जींची टिपणे पाहिल्यानंतर आनंदकुमार यांनी १९९७ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात लेख लिहून भारतातील पहिलेपणाचे श्रेय मुखर्जींना दिले. स्वतःच्याच चमूचा मान त्यांनी पुराव्यापुढे गौण मानला.

निष्कर्ष :
मुखर्जींनी तपशीलवार निबंध प्रसिद्ध केला नव्हता, त्यामुळे शंका घेणे गैर नव्हते. परंतु शंका तपासण्याऐवजी संशोधनच थांबविले गेले, ही खरी हानी होय. गोठवलेल्या भ्रूणाचे रोपण प्रत्येक अपयशावर हमखास उपाय नाही. भ्रूणातील गुणसूत्रदोष व गर्भाशयाचे विकार यांचाही शोध घ्यावा लागतो. हिंगोलीसारख्या ग्रामीण जिल्ह्यात अपत्यहीनतेचा दोष आजही बहुधा स्त्रीच्याच माथी मारला जातो. अशा वेळी अपयशाची कारणे विज्ञानाने कशी शोधली, हे समाजापर्यंत पोहोचविणे आवश्यक ठरते. २०२४ मध्ये हिंगोलीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले असून, तेथील अध्यापनात तंत्राबरोबरच या इतिहासालाही स्थान मिळणे उचित होईल.