स्कोअरबुकची साक्ष : मैदानावरचा आकडा इतिहास कसा होतो?

१/
८ नोव्हेंबर २०२१. आंध्र प्रदेशातील मंगलगिरी येथे सय्यद मुश्ताक अली करंडकाचा विदर्भ विरुद्ध मणिपूर हा सामना सुरू होता. यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवड्याच्या अक्षय कर्णेवारने चार षटके टाकली. चारही निर्धाव, धावा शून्य, बळी दोन. पुरुषांच्या ट्वेंटी-२० क्रिकेटमध्ये असे पृथक्करण त्यापूर्वी कोणाच्याही नावावर नव्हते.

ही वार्ता यवतमाळात त्याच दिवशी मोबाईलच्या पडद्यावर पोहोचली. सामना प्रत्यक्ष पाहणारे मूठभर, तरीही त्या आकड्यावर कोणी शंका घेतली नाही. मित्रहो, आजच्या थ्रेडचा विषय हाच आहे : न पाहिलेल्या सामन्याचा आकडा आपण खरा का मानतो?

२/
या विश्वासामागे एक जुनी व्यवस्था उभी आहे. क्रिकेटच्या नियमावलीतील तिसरा नियम गुणलेखकांविषयी आहे. गुणलेखक दोन असावेत, त्यांनी आपल्या नोंदी वारंवार एकमेकांशी ताडून पाहाव्यात आणि पंचाच्या प्रत्येक खुणेला पोच द्यावी, असे तो सांगतो.

स्कोअरबुकची रचना व्यापाऱ्याच्या खतावणीसारखी असते. एकच चेंडू दोन ठिकाणी नोंदला जातो : एकदा फलंदाजाच्या नावापुढे, एकदा गोलंदाजाच्या. फलंदाजांच्या धावा आणि अवांतर धावा यांची बेरीज संघाच्या एकूण धावसंख्येइतकी आली पाहिजे. गोलंदाजांनी दिलेल्या धावांत बाय आणि लेगबाय मिळवले, तरी तोच आकडा आला पाहिजे. ताळा जुळला नाही, तर चूक शोधल्याशिवाय वही मिटत नाही.

३/
ही शिस्त सैल असली म्हणजे काय होते, याचे प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडमधील आहे. जून १८९९ मध्ये क्लिफ्टन कॉलेजातील दोन वसतिगृहांच्या सामन्यात ए. ई. जे. कॉलिन्स या तेरा वर्षांच्या मुलाने नाबाद ६२८ धावा काढल्या. हा डाव अनेक दुपारी चालला होता. एका गुणलेखकाने पुढे सांगितल्याचे नमूद आहे की, हा आकडा वीसने इकडेतिकडे असू शकेल! तरीही तोच ६२८ शतकाहून अधिक काळ विक्रम म्हणून छापला गेला. शंका मागे पडली. कागदावरचा आकडा तेवढा टिकला.

४/
आता आपल्या भूमीकडे वळू. पळवणकर बाळू हे चांभार समाजातील डावखुरे फिरकी गोलंदाज. पुण्याच्या इंग्रजी क्लबात ते मैदानाची निगा राखत आणि जे. जी. ग्रेग या नामांकित फलंदाजाला सरावासाठी तासन्‌तास चेंडू टाकत. त्या हजारो चेंडूंची नोंद कोणत्याही वहीत नाही, कारण सरावाला गुणलेखक नसतो.

पुढे ते हिंदू संघाकडून खेळू लागले. मैदानावर चेंडू सर्वांचा एकच. पण चहाच्या वेळी त्यांना मंडपाबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला आणि त्या दौऱ्यात बाळूंनी शंभराहून अधिक बळी मिळवले. हे आज ठामपणे सांगता येते, ते तिथल्या गुणलेखकांनी चेंडूगणिक केलेल्या नोंदींमुळे. स्कोअरबुकात जातीचा रकाना नसतो. मात्र वहीची मर्यादाही इथेच दिसते : बळी नोंदले गेले, कर्णधारपद मिळाले नाही. तो मान १९२३ मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना लाभला.

५/
डिसेंबर १९४८, पुणे. महाराष्ट्र विरुद्ध काठेवाड या रणजी सामन्यात भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३ वर होते. डॉन ब्रॅडमन यांचा ४५२ धावांचा जागतिक विक्रम अवघ्या नऊ धावांवर होता. महाराष्ट्राची धावसंख्या ४ बाद ८२६. खेळ थांबला असताना काठेवाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी पुढे खेळण्यास नकार दिला आणि सामना सोडून दिला.

त्या दहा धावा निंबाळकरांनी सहज काढल्या असत्या, असे कोणालाही वाटेल. परंतु वहीत ‘असत्या’साठी जागा नाही. तिथे ४४३ आहे आणि ४४३ च राहील. निंबाळकरांना कसोटी सामना कधीच खेळायला मिळाला नाही; त्यांची कीर्ती आजही त्या एका ओळीवर उभी आहे.

६/
आतापर्यंत आपण मैदानावरची नोंद पाहिली. सामना संपल्यावर तो आकडा कोणाकडे तरी पाठवावा लागतो आणि खरी कसोटी तिथे लागते. सचिन तेंडुलकर यांनी आत्मचरित्रात सांगितलेला प्रसंग पाहा. त्या काळी मुंबईच्या शालेय सामन्यांत तीस किंवा अधिक धावा काढणाऱ्याचेच नाव वृत्तपत्रात येई. सचिनच्या धावा होत्या २४. गुणलेखकाने अवांतरातील सहा धावा त्याच्या नावावर टाकल्या, कारण संघाची बेरीज त्याने बदलत नव्हती. दुसऱ्या दिवशी नाव छापून आले आणि आचरेकर सर संतापले. न काढलेल्या धावा आपल्या नावावर घेतल्याबद्दल त्यांनी शिष्याला चांगलेच सुनावले.

या प्रसंगातील मर्म ध्यानात घ्या. फलंदाज अधिक अवांतर हा ताळा इथे अचूक जुळत होता! वही चूक पकडते, परंतु संगनमताने केलेली लबाडी तिला दर वेळी पकडता येईलच असे नाही. तिथे आचरेकर सरांसारखा माणूसच लागतो.

७/
जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या आंतरशालेय सामन्यात प्रणव धनावडेने नाबाद १००९ धावा काढून कॉलिन्सचा विक्रम मोडला. जगाने आकडा आधी अविश्वासाने वाचला, मग तपशील तपासला. १२९ चौकारांच्या ५१६, ५९ षटकारांच्या ३५४, म्हणजे ८७० धावा. उरलेल्या १३९ पळून काढलेल्या. संघ ३ बाद १४६५. प्रतिस्पर्धी संघ दुबळा होता, हेही तोच धावफलक सांगतो : त्यांचे दोन डाव ३१ आणि ५२. नीट लिहिलेला धावफलक पराक्रम सांगतो आणि त्या पराक्रमाचे मोजमापही सोबत देतो.

८/
आज हे काम मोबाईलवर आले आहे. गावोगावच्या टेनिस बॉल स्पर्धांचे गुण क्रिकहिरोजसारख्या ॲपवर चेंडूगणिक भरले जातात. बेरीज यंत्र करते, खेळाडूची कारकीर्द आपोआप साठते. इंग्लंडमधील हौशी डार्ट्स लीगमध्येही पूर्वी दोन्ही कर्णधारांच्या सह्यांचा कागद चिटणीसाकडे जाई. आता अनेक ठिकाणी एक संघ निकाल ऑनलाइन भरतो आणि दुसरा त्याला मान्यता देतो. सहीची जागा बटणाने घेतली, पण दोघांच्या साक्षीचे तत्त्व तेच राहिले.

धोका वेगळाच आहे. पुष्कळदा एकाच मुलाच्या हाती एकच फोन असतो आणि दोन्ही संघांचा गुणलेखक तोच असतो. यंत्र त्याची बेरीज तपासते, त्याचा प्रामाणिकपणा तपासत नाही.

९/
यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा, आर्णी, उमरखेड. या तालुक्यांत पिढ्यान्‌पिढ्या क्रिकेट आणि कबड्डीचे सामने रंगत आले. त्यांतील बहुतेकांची आज केवळ आख्यायिका उरली आहे : ‘अमक्याने तेव्हा असा षटकार मारला होता.’ आख्यायिका गोड असते, पण तिच्या बळावर निवड समितीपुढे उभे राहता येत नाही आणि इतिहासही लिहिता येत नाही.

म्हणून पुढच्या स्पर्धेत दोन गुणलेखक बसवा, प्रत्येक संघाचा एक. षटक संपले की आकडे मोठ्याने वाचून ताडून पाहा. निकाल पाठवण्यापूर्वी प्रतिस्पर्ध्याची संमती घ्या. घरात किंवा मंडळाच्या कपाटात जुन्या स्कोअरबुकच्या वह्या असतील, तर त्या रद्दीत जाण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे घ्या.

१०/
कर्णेवारच्या त्या चार षटकांतील प्रत्येक चेंडूपुढे कोणीतरी खूण मांडली. चोवीस चेंडू, एकही धाव नाही. ती खूण मांडणाऱ्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही. त्याच्या नोंदीवर मात्र आपला सर्वांचा विश्वास आहे. इतिहासाची साधने अशाच निनावी, प्रामाणिक हातांनी तयार होतात.